सॅडल पीकच्या आधी येऊर चढा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी आणि माझी पत्नी पन्नाशीच्या आसपासचे, मुलगी कॉलेजात. जानेवारीत अंदमानला जायचं ठरतंय. हाती आलेला कार्यक्रम आठ दिवसांचा आहे : सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील आणि परत. आम्हाला मात्र जंगल बघायचंय आणि एक तरी चांगला ट्रेक करायचाय. उत्तर अंदमानातल्या सॅडल पीक नॅशनल पार्कबद्दल वाचलं. एजंट म्हणतो, 'तिथे प्राणी काहीच नाहीत, दोन दिवस नुसते प्रवासात जातील.' जावं की नाही?
(घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : जा, नक्की जा. पण एजंटच्या बोलण्यातलं निम्मं खरं आहे. ते आधी नीट समजून घ्या, नाहीतर तिथे जाऊन हिरमोड होईल.

अंदमानच्या रानात वाघ नाही, बिबट्या नाही, अस्वल नाही. रानात माकडंसुद्धा नाहीत. खेकडे खाणारी माकडं आहेत ती खाली निकोबारला. डोळ्यांत भरेल असा मूळचा प्राणी म्हणजे रानडुक्कर, आणि तेही आपल्याकडच्यापेक्षा लहान चणीचं. ताडोबाच्या जिप्सीत बसून जे बघायची सवय लागलेली असते, ते इथे मिळणार नाही. चितळ दिसतील, पण ते इथले नव्हेत. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते शिकारीसाठी आणून सोडले. त्यांना खाणारं बेटावर कुणी नाही. त्यामुळे ते अफाट वाढले आणि झाडांची कोवळी रोपं वर येण्याआधीच फस्त करू लागले. लोक चितळ दिसले की हौसेने फोटो काढतात. मला मात्र तिथे चितळ बघून कधी बरं वाटलेलं नाही.

मग बघायचं काय? जे जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेच नाही, ते. आणि ते ओळखता यावं म्हणून माझा पहिला सल्ला हा की जानेवारी येईपर्यंत तिघंही रविवारी पहाटे ठाण्याच्या येऊरच्या रानात जायला लागा. हे मी व्यायामासाठी म्हणत नाही. व्यायामाचं पुढे सांगते.

मी ठाण्यातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे, आणि बेटांवरचे जीव वेगळे का असतात हे फळ्यावर शिकवताना मुलांचे चेहरे कोरे राहायचे. येऊर पाहिलेली मुलं अंदमानला गेली की तीच गोष्ट त्यांना पाच मिनिटांत कळायची. कारण तिथे भेटतात ते आपल्याच पाखरांचे भाऊबंद. येऊरचा भारद्वाज काळा आणि पंख विटकरी. अंदमानचा भारद्वाज डोक्यापासून पोटापर्यंत फिकट तपकिरी, पंख मात्र तेच विटकरी. येऊरच्या ओढ्याकाठी श्यामा गातो, त्याचं पोट तांबूस. अंदमानच्या श्यामाच्या पोटाचा मधला भाग पांढरा. येऊरवर घिरट्या घालणारा सर्पगरुड तुम्ही पाहिला असेल, मोठमोठ्याने ओरडत उडतो तो. अंदमानच्या आतल्या रानातला सर्पगरुड जवळजवळ चॉकलेटी, गडद. टकाचोर आहे, तोही गडद आणि जास्त लाजरा, आणि बऱ्याचदा कोतवालांच्या सोबतीने हिंडणारा. घर माहीत असलं की पाहुण्याचा चेहरा कुणावर गेलाय ते ओळखू येतं, नाहीतर सगळी पाखरं सारखीच वाटतात. हजारो वर्षं समुद्राने तोडून ठेवलेल्या जमिनीवर एका घराण्याचं काय होतं, ते तुम्हाला पुस्तकाशिवाय दिसेल. माझ्या लेखी अंदमानला जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

त्यातला एक पक्षी तर मुद्दाम शोधाच. अंदमानी सुतार. डोमकावळ्याएवढा, अंगभर काळा, डोक्यावर लालभडक तुरा. याचा चुलत भाऊ सिंधुदुर्गातल्या रानात आहे, पण त्याचं पोट पांढरं, याचं पोटही काळं. वाळून उभ्या राहिलेल्या गुर्जनच्या खोडावर मी एकदा याला बराच वेळ बघत होते. आधी तो दिसला नाही, खाली पडणारे सालीचे ढलपे दिसले. मग ठोके ऐकू आले, घाई नसलेले, एकेक. चार ठोके मारायचा, मान वाकडी करून खोडाकडे बघायचा, आणि सालीची फट चोचीने उचकटायचा. आमच्यातलं कुणी बोललं नाही म्हणून तो उडून गेला नाही. बोलत चालणाऱ्या घोळक्याला तो फक्त उडताना दिसतो.

दुसरी गोष्ट तुमच्या खोलीच्या भिंतीवरच भेटेल. अंदमानी पाल. आपल्या घरातली पाल रात्रीची, पांढुरकी. ही दिवसाची, पोपटी हिरवी, पाठीवर लाल रेघा आणि ठिपके. केवड्याच्या जातीच्या झुडपांवर, केळीवर, घराच्या खांबावर उन्हात बसते आणि फुलातला मधही चाटते. पत्नीला पालीची किळस असली तरी हिला एकदा निरखायला सांगा. हिचे सगळे नातेवाईक मादागास्कर आणि त्याच्या आसपासच्या बेटांवर आहेत, हिंदी महासागराच्या पार पलीकडच्या टोकाला. मधल्या सगळ्या भारतात यांच्यापैकी कुणी नाही.

आता ट्रेकचं. सॅडल पीक 732 मीटर, अंदमानातलं सर्वांत उंच शिखर. कळसूबाई चढलेल्या माणसाला आकडा किरकोळ वाटतो, पण इथे तुम्ही समुद्राच्या पाण्याला पाय लावून निघता, म्हणजे सगळेच्या सगळे मीटर चढायचे असतात. वाट एका बाजूने साधारण 8 किलोमीटर, आणि आलात त्याच वाटेने परत. उत्तर अंदमानातल्या दिगलीपूर गावाजवळ काळीपूर आहे, त्याच्या पुढे लामिया बेजवळ वनखात्याची चौकी आहे. तिथे नाव नोंदवायचं, परवानगी घ्यायची आणि स्थानिक गाइड बरोबर घ्यायचाच. पैसे वाचवायला गाइड टाळू नका. चढण सुरू होण्याआधीचा बराच भाग किनाऱ्याच्या कडेकडेने जातो, ओहोळ ओलांडत, मुळांवरून, दगडांवरून. समुद्राची सोबत असते म्हणून लोक इथे रेंगाळतात आणि वेळ घालवतात. वाट समुद्र सोडून आत वळली की मग खडी चढण, ती थेट वरपर्यंत. वारा बंद होतो. पॅडॉक आणि गुर्जनची उंच झाडं, खाली वेताची जाळी. वेताला हाताने धरू नका, काटे बोटात मोडतात. माथ्याकडे झाडं बुटकी आणि गच्च होत जातात. वर बऱ्याचदा ढग असतात. समुद्र दिसला तर भाग्य, नाही दिसला तरी चढ फुकट गेला असं मानू नका.

सगळ्यात महत्त्वाचं घड्याळ. अंदमानात घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. बेटं इतकी पूर्वेला आहेत की जानेवारीच्या मध्यात ठाण्यात सव्वासहानंतर मावळणारा सूर्य तिथे सव्वापाचच्या सुमारास बुडतो, आणि साडेपाचला दाट झाडीत काळोख होतो. उजाडतंही लवकर, पावणेसहाला. म्हणून चौकीवर पहाटेच हजर राहा, आणि दुपारी बाराला जिथे असाल तिथून मागे फिरायचं हे तिघांनी घरूनच ठरवून ठेवा. शिखर वीस मिनिटांवर आलंय असं कुणी म्हणालं तरी. वर मुक्काम करता येत नाही, आणि त्या वाटेवर टॉर्चच्या उजेडात उतरणं म्हणजे गुडघा नाहीतर घोटा देऊन येणं.

तयारीसाठी तुम्हाला लांब जायला नको. आसनगावला लोकलने उतरून माहुली करा. किल्ला 858 मीटर उंच आणि पायथा बऱ्यापैकी खाली, त्यामुळे चढाई जवळपास तेवढीच पडते. थंडीत नका करू, ऑक्टोबरच्या उकाड्यात करा. सॅडल पीकवर माणसं चढापेक्षा घामाने दमतात. माहुलीवर प्रत्येकाला किती पाणी लागलं ते मोजा आणि तिथे त्याहून लिटरभर जास्त घ्या. ओआरएसची पाकिटं सॅकमध्ये वरच्याच कप्प्यात ठेवा. बुटांना चांगली पकड हवी, नवे बूट तिथे नेऊन पहिल्यांदा घालू नका. पाऊस झालेला असेल तर जळवा असतात. पॅन्ट मोज्यात खोचा, आणि लागलीच जळू तर ओढून तोडण्याऐवजी नखाने तिचं तोंड सोडवा. किनाऱ्यावरच्या बारीक माश्या जळवांपेक्षा जास्त छळतात, त्यांच्या चाव्याची खाज आठवडाभर जात नाही. संध्याकाळी वाळूवर उघड्या पायांनी बसणं टाळा.

राहता राहिला वेळ. पोर्ट ब्लेअर, म्हणजे 2024 पासूनचं श्री विजयपुरम, तिथून दिगलीपूर रस्त्याने सुमारे 325 किलोमीटर आणि दहा-बारा तास. एका दिवसात जाऊन, दुसऱ्या दिवशी चढून, तिसऱ्या दिवशी परत असा बेत करू नका. काळीपूरला निदान तीन रात्री हव्यात. एक चढायला, एक पाऊस आला तर हाताशी, आणि एक काहीही न करता पहाटे किनाऱ्याच्या झाडीत बसायला. यासाठी नील सोडा. हॅवलॉकही एका रात्रीवर आणा. सेल्युलर जेल सोडू नका, तिथे मुलीला घेऊन जायलाच हवं.

प्रश्न : काकू, मी सातवीत आहे. आम्ही सुट्टीत वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली. बाबा म्हणतात अंदमानला मोठी कासवंपण बघायला मिळतील. खरंच दिसतील का? व्हिडिओ काढला तर चालेल? आणि शंख आणले तर चालतील का?
(नेरुळ, नवी मुंबई)

उत्तर : बाबा बरोबर सांगतात. काळीपूरच्या किनाऱ्यावर डिसेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात, म्हणजे वेळासला तू जी पिल्लं पाहिलीस त्याच जातीच्या. अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर एकूण चार जातींची समुद्री कासवं अंडी घालतात : ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल आणि सगळ्यांत मोठं लेदरबॅक. पण रोज रात्री कासव येईलच असं कुणी सांगू शकत नाही. वनखात्याची माणसं रात्री किनाऱ्यावर फिरतात. त्यांना आधी विचारायचं आणि ते नेतील तेव्हा, ते नेतील तिथेच जायचं.

आणि मादी आली, तर काय बघायचं ते सांगते. पाण्याजवळ वाळूत तिने ओढत आणलेल्या अंगाचा माग असतो, दोन्ही बाजूंना पायांच्या खुणा. ती वर कोरड्या वाळूत येते आणि पुढच्या पायांनी आधी जागा साफ करते. मग मागच्या पायांनी खड्डा करते, आणि हे बघण्यासारखं असतं. मागचा एक पाय आत घालते, त्याचा तळ वाटीसारखा वळवून चिमूटभर नव्हे, चांगली ओंजळभर वाळू बाहेर काढते, बाजूला ठेवते. मग दुसरा पाय. पुन्हा पहिला. हे सगळं मागे न बघता, नुसत्या स्पर्शावर. खड्डा खोल झाला की अंडी पडायला लागतात, शंभरच्या आसपास, पांढरी, गोल, कवच मऊ. तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. ती रडत नसते, अंगातलं जादा मीठ ती तसं बाहेर टाकते. नंतर ती खड्डा बुजवते, अंगाने वाळू दाबते आणि पाण्याकडे वळते.

हे सगळं बघताना तिच्या समोर उभं राहायचं नाही, मागे बसायचं. मोबाइलचा उजेड नको, फ्लॅश तर अजिबात नको. वर चढताना उजेड दिसला तर ती अंडी न घालताच परत फिरते. पिल्लांचंही तसंच, ती उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून किनाऱ्यावरचा दिवा त्यांना समुद्राऐवजी रस्त्याकडे नेतो. वनखात्याचा माणूस लाल उजेडाची टॉर्च लावेल तेवढ्यात जे दिसेल ते बघ. व्हिडिओ नको. घरी आल्यावर चित्र काढ आणि मला पाठव, मला खरंच आवडेल.

तुला आणखी एक सांगते, शाळेत सरांना विचार. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळू किती गरम आहे यावर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. म्हणून उन्हाळे वाढत चालले याची कासवं अभ्यासणाऱ्यांना काळजी वाटते.

शंख आणू नकोस. किनाऱ्यावर शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे असतात. त्यांचं मागचं अंग मऊ असतं, आणि मोठं झाल्यावर त्यांना मोठा रिकामा शंख शोधावा लागतो. तू नेलेला शंख त्यांच्यापैकी कुणाचं तरी घर असतं. प्रवाळ म्हणशील तर मेलेला तुकडासुद्धा उचलणं कायद्याने गुन्हा आहे, कितीतरी जातींच्या शंखांचंही तसंच. विमानतळावर सामानात सापडलं तर बाबांना उत्तरं द्यावी लागतील.

प्रश्न : दिगलीपूरच्या रस्त्यात जारवा आदिवासी दिसतात असं ऐकलं. मुलांना दाखवावेत का? बिस्किटं, कपडे द्यायला न्यावेत का?
(कळवा)

उत्तर : नाही. दाखवू नका, देऊ नका, थांबू नका, फोटो काढू नका. जिरकाटांग ते मिडल स्ट्रेट हा रस्ता त्यांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यातच सोडतात, आणि 1956 च्या नियमावलीप्रमाणे त्यांच्याशी संपर्क ठेवणं आणि त्यांचे फोटो काढणं हा गुन्हा आहे. तुमची बिस्किटं चांगल्या मनाने दिलेली असतील, पण बाहेरचा सर्दी-गोवरसुद्धा या माणसांना झेपणारा नाही, आणि रस्त्याकडेला हात पसरायची सवय त्यांना आपल्यासारख्यांनीच लावली. मुलांना गाडीत बसण्याआधी सांगा की इथून पुढे आपण दुसऱ्याच्या घरातून चाललोय, खिडकीतून टक लावून बघायचं नाही.

मला विचाराल तर तो रस्ताच टाळा. पोर्ट ब्लेअरहून दिगलीपूरजवळच्या एरियल बे बंदराला सरकारी जहाज जातं, रात्रभराचा प्रवास. ते रोज नसतं आणि वेळापत्रक बदलतं, म्हणून पोहोचल्या दिवशीच जहाज खात्याच्या खिडकीवर चौकशी करा आणि बाकीचा कार्यक्रम त्याच्याभोवती बसवा. जाताना जहाज मिळालं आणि येताना रस्ता, तरी एक फेरी वाचते.

प्रश्न : मी 68 वर्षांचा, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. मुलगा आणि सून सॅडल पीक चढणार आहेत. मी बरोबर जाऊन नुसता खोलीत बसून राहू का, की घरीच थांबू?
(ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : काका, घरी थांबू नका. तुम्ही ऐरोलीचे, खाडीवर फ्लेमिंगो बघत असाल, म्हणजे एका जागी बसून बघण्याची सवय तुम्हाला आहे. बेटावर तीच कामाला येते. काळीपूरला पहाटे खुर्ची घेऊन झाडीच्या कडेला बसलात तर वर चढणाऱ्यांपेक्षा जास्त पाखरं तुम्हाला दिसतील. डोंगरवाटेच्या सुरुवातीचा काही भागही किनाऱ्याकाठचा आहे. चौकीवर विचारा आणि गुडघा म्हणेल तिथपर्यंत काठी घेऊन जा.

एक दिवस रॉस आणि स्मिथ ठेवा. एरियल बेहून बोट आणि परवानगी दोन्ही मिळतात. ही दोन बेटं वाळूच्या एका पट्टीने जोडलेली आहेत, ओहोटीला पट्टी उघडी पडते आणि एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जाता येतं. म्हणून बोट ठरवण्याआधी भरती-ओहोटीची वेळ विचारा. पोर्ट ब्लेअरसमोरचं इंग्रजी अवशेषांचं रॉस बेट वेगळं, त्याचं नाव 2018 पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. बुकिंग करताना दोन्हींची गल्लत होते, तेव्हा पावतीवर 'दिगलीपूर' लिहून घ्या. बोटीत चढता-उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो. सुनेला आधी सांगून ठेवा, नावाड्याचा हात धरायला संकोच करू नका.

किनाऱ्याने फिरताना काही ठिकाणी मेलेले प्रवाळ पाण्याच्या वर उघडे पडलेले दिसतील. 2004 च्या डिसेंबरातल्या भूकंपात उत्तर अंदमानची जमीन वर उचलली गेली आणि दक्षिणेकडची खचली. त्या दिवशी त्सुनामीच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. नातवंडं असतील तर त्यांना तिथे उभं करून दाखवा.

खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ पाण्यात उतरू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि पाट्या उगाच लावलेल्या नाहीत. गुडघ्याच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या वर चार दिवस पुरतील एवढ्या ठाण्या-ऐरोलीतूनच न्या, तिकडे तुमचीच कंपनी मिळेल याचा भरवसा नाही. रोख पैसेही पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या. दिगलीपूरला नेटवर्क असलं तर मोबाइलने पैसे जातात, नसलं की दुकानदार आणि तुम्ही दोघंही ताटकळता.